निळ्या राउटरचा सोर्स कोड

जीएनयू जनरल पब्लिक लायसन्स, म्हणजेच जीपीएल, नुसत्या वापरणाऱ्याकडून काहीच मागत नाही. स्वतःच्या यंत्रावर प्रोग्राम चालवावा, त्यात हवे ते बदल करावेत आणि ते कुणालाही दाखवू नयेत. या परवान्याची त्याला हरकत नाही. प्रत दुसऱ्याच्या हाती गेली, मग ती फुकट असो वा विकत, की बंधने सुरू होतात.

या अटींच्या मुळाशी एक कटू अनुभव होता. जेम्स गॉसलिंग यांनी लिहिलेला एमॅक्स हा संपादक आधी जाणकारांमध्ये मोकळेपणाने फिरत होता. पुढे त्याचे हक्क युनिप्रेस या कंपनीकडे गेले. जीएनयू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प चालवणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांच्या जीएनयू एमॅक्समध्ये त्यातला काही भाग होता. तो १९८५ मध्ये काढून नव्याने लिहावा लागला. वाटून घेतलेले काम पुन्हा कुणाच्या कुलपात जाऊ नये, हा स्टॉलमन यांचा आग्रह त्यानंतर कायदेशीर भाषेत उतरत गेला. सुरुवातीला जीएनयूच्या निरनिराळ्या प्रोग्रामांना निरनिराळे परवाने होते. फेब्रुवारी १९८९ मध्ये सर्वांसाठी एकच जीपीएल आला आणि जून १९९१ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली. लिनस टॉरवल्ड्स यांच्या लिनक्सचा पहिला परवाना पैसे घेऊन वितरण करू देत नव्हता. १९९२ मध्ये त्यांनी जीपीएल स्वीकारला आणि लिनक्स विकण्याची वाट मोकळी झाली.

दुसऱ्या आवृत्तीचे तिसरे कलम व्यापाऱ्याला दोन मार्ग देते. प्रोग्रामसोबतच सोर्स कोड द्यावा, नाहीतर किमान तीन वर्षे तो मागेल त्याला प्रत काढण्याच्या खर्चात देऊ, असे लेखी कळवावे. सोर्स कोड म्हणजे नुसत्या मूळ फायली नव्हेत. प्रोग्राम बांधण्यासाठी आणि बसवण्यासाठी लागणाऱ्या स्क्रिप्टही त्यात आल्या. परवान्याची प्रत सोबत हवी, स्वामित्वहक्काच्या सूचना जशाच्या तशा हव्यात आणि बदललेल्या फायलींत बदलाची तारीख नोंदवलेली हवी. चौथे कलम सर्वांत कडक आहे. अट मोडली की वितरणाचा हक्क आपोआप संपतो आणि पुढची प्रत्येक प्रत स्वामित्वहक्काचा भंग ठरू शकते.

या कलमांची खरी कसोटी एका निळ्या-काळ्या डब्याने घेतली. लिंक्सिसने २००२ च्या अखेरीस डब्ल्यूआरटी५४जी हा घरगुती राउटर बाजारात आणला आणि पुढच्याच वर्षी सिस्कोने लिंक्सिस विकत घेतली. त्या राउटरच्या फर्मवेअरमध्ये लिनक्स असल्याचे २००३ च्या उन्हाळ्यात जाणकारांनी ओळखले, पण सोर्स कोड कुठेच दिलेला नव्हता. चिप ब्रॉडकॉमची आणि फर्मवेअर बाहेरच्या पुरवठादाराकडून आलेले. तरीही जबाबदारी डबा विकणाऱ्यावर येऊन पडली, कारण प्रत ग्राहकाला तोच देत होता. पुरवठादाराने काय दिले हे न तपासता वस्तू विकणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा हा प्रसंग आहे.

मागणी वाढल्यावर लिंक्सिसने कोड खुला केला. त्यातूनच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला आणि घरगुती राउटरला एका छोट्या संगणकाची योग्यता आली. २००५ मध्ये लिंक्सिसने नव्या आवृत्तीत लिनक्स सोडून व्हीएक्सवर्क्स घेतले व मेमरीही कमी केली. लिनक्स हवे असणाऱ्यांसाठी मग डब्ल्यूआरटी५४जीएल हे वेगळे मॉडेल काढावे लागले. परवान्याने निर्माण केलेल्या मागणीचा याहून स्पष्ट पुरावा शोधावा लागत नाही.

न्यायालयांनीही हळूहळू कौल दिला. लिनक्समधल्या नेटफिल्टर या भागाचे एक लेखक हाराल्ड वेल्टे यांच्या अर्जावर म्युनिकच्या न्यायालयाने २००४ मध्ये साइटकॉम कंपनीला जीपीएलच्या अटी पाळल्याशिवाय त्याचे वितरण करण्यास मनाई केली. अमेरिकेत २००७ मध्ये बिझीबॉक्स या जीपीएलखालच्या प्रोग्रामच्या लेखकांनी मॉन्सून मल्टीमीडियावर दावा लावला. तो तडजोडीने मिटला. मॉडेल रेल्वेच्या एका प्रोग्रामवरून झालेल्या जेकबसन विरुद्ध कॅट्झर खटल्यात २००८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट अपील न्यायालयाने म्हटले, की खुल्या परवान्यातल्या अटी मोडणे हा स्वामित्वहक्काचा भंग ठरू शकतो. तो परवाना जीपीएल नव्हता, पण निकालाचे वजन सर्वच खुल्या परवान्यांच्या पाठीशी आले. त्याच वर्षी स्टॉलमन यांच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने सिस्कोवर दावा केला. २००९ मधल्या तडजोडीत लिंक्सिससाठी अटींच्या पालनावर देखरेख ठेवणारा अधिकारी नेमण्याचे सिस्कोने मान्य केले.

दरम्यान २००७ मध्ये तिसरी आवृत्ती आली. टिव्हो कंपनीचे यंत्र सोर्स कोड देत असे, पण बदललेला प्रोग्राम चालू देत नसे. म्हणून ग्राहकोपयोगी वस्तूंबरोबर बदललेला प्रोग्राम बसवण्याची माहितीही देणे या आवृत्तीने बंधनकारक केले. पहिल्यांदा चुकणाऱ्याला मात्र सवलत मिळाली: सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत चूक सुधारली, तर हक्क परत मिळतो. लिनक्सचा कर्नल दुसऱ्या आवृत्तीवरच राहिला.

या सगळ्या दाव्यांत फिर्यादी सॉफ्टवेअरचे हक्कधारक होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्व्हन्सीने व्हिझिओ या दूरचित्रवाणी संच बनवणाऱ्या कंपनीवर कॅलिफोर्नियाच्या राज्य न्यायालयात दावा लावला, तो मात्र संच विकत घेणारी ग्राहक म्हणून. परवाना हा करार आहे आणि सोर्स कोड मागण्याचा हक्क खरेदीदारालाही आहे, अशी तिची मांडणी होती. मे २०२२ मध्ये संघीय न्यायालयाने हा वाद करारातून उद्भवतो असे मानून खटला राज्याच्या न्यायालयाकडे परत पाठवला.