बोलोन्याचा वेबर

रबराच्या नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचं, दुसरं कानाशी. इंजिन चालू असलं की आत ओढल्या जाणाऱ्या हवेचा फुसफुसाट ऐकू येतो. मग नळी शेजारच्या तोंडाशी न्यायची, पुन्हा ऐकायचं. दोन्ही आवाज एका पट्टीत येईपर्यंत स्क्रू किंचित किंचित फिरवत राहायचं. शर्यतीच्या जुन्या गाड्यांवरच्या वेबर कार्बोरेटरांचा मेळ जाणते मेकॅनिक असाच जमवतात. तंबोरे जुळवणारा माणूस तरी याहून वेगळं काय करतो?

कार्बोरेटरचं काम सांगायला सोपं. हवेत पेट्रोल मिसळायचं. वजनाने साधारण 14.7 भाग हवेला एक भाग पेट्रोल. पण गाडी रेंगाळताना, चढताना, सुसाट पळताना हे प्रमाण बदलावं लागतं आणि तेही क्षणात. नळी मध्येच अरुंद केली की तिथे हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि पेट्रोल आपसूक ओढलं जातं. या गुणाचा अभ्यास करणारे जोव्हानी बात्तिस्ता व्हेंचुरी अठराव्या शतकात इटलीतल्या मोदेना शहरात शिकवत असत. तिथून चाळीसेक किलोमीटरवर बोलोन्या. याच बोलोन्यात 1923 साली एदोआर्दो वेबरने कार्बोरेटरचा कारखाना काढला.

हा गृहस्थ आधी फियाटमध्ये नोकरीला होता. पहिल्या महायुद्धानंतर पेट्रोल महागलं, तेव्हा मालमोटारी रॉकेलवर चालवण्याचं साहित्य विकून त्याने जम बसवला. म्हणजे सुरुवात काटकसरीची! पुढे त्याने एकाच कार्बोरेटरात दोन नळ्या बसवल्या. लहान नळी संथ चालीसाठी, मोठी वेगासाठी. 1930 नंतरच्या दशकात शर्यतींसाठी त्याने दोन्ही नळ्या सारख्या केल्या, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतःची नळी देता येऊ लागली. मासेराती आणि आल्फा रोमिओच्या शर्यतीच्या गाड्या त्यांवर धावल्या.

मग 1945 उजाडलं. एप्रिलमध्ये बोलोन्या मुक्त झालं. त्या प्रदेशात तेव्हा जुने हिशेब चुकते होत होते. फॅसिस्टांशी जवळीक असल्याच्या संशयावरून कित्येकांचे जीव गेले. मे महिन्यात वेबर नाहीसा झाला. तो पुन्हा कुणाला दिसला नाही. 1952 साली कारखाना फियाटच्या ताब्यात गेला. कार्बोरेटर मात्र निघत राहिले. 1962 च्या फेरारी 250 जीटीओच्या बारा सिलिंडरांवर सहा वेबर बसवले होते, प्रत्येकी दोन नळ्यांचे.

या कार्बोरेटरची खरी खुबी त्याच्या सुट्या भागांत आहे. नळीचा गळा, पेट्रोलचा जेट, हवेचा जेट, भोकांची बारीक पितळी नळी, सारं बदलता येतं. जेटवर 120 कोरलेलं असेल तर भोक 1.20 मिलिमीटरचं. म्हणूनच जेट साफ करताना त्यात तार घालायची नाही. भोक केसभर वाढलं तरी हिशेब चुकतो. आपल्या कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीचा कार्बोरेटर साधा, एका नळीचा. त्यातही कचरा अडकला की टॅक्सीवाले रस्त्याकडेला जेट काढून तोंडाने फुंकर मारायचे. ती पद्धत अगदीच अडाणी नव्हती!

जुना वेबर नव्याने उभा करायचा तर तो पुरता खोलावा लागतो. आतल्या वाटा धुऊन हवेने मोकळ्या करायच्या, गॅस्केट बदलायची, फ्लोटची उंची मोजून ठरवायची, दांडा झिजून चोरटी हवा शिरत नाही ना, ते पाहायचं. मग गाडी पळवून प्लग काढून बघायचा. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त; पांढराफटक असेल तर कमी, आणि तशीच पळवली तर पिस्टन जळण्याची भीती. फिकट तपकिरी रंग आला की जमलं.

आता गाड्यांत हे काम इंजेक्शन आणि संगणक करतो, आणि अधिक अचूक करतो, हे कबूल करायला हवं. पण जुन्या गाड्यांच्या गॅरेजात वर्षानुवर्षांचा काळा थर धुऊन निघतो, तेव्हा कार्बोरेटरच्या झाकणावर ओतीव अक्षरं वर येतात : वेबर, बोलोन्या.