वाजवणारे कोणीतरी

लहानपणी दिवाळी म्हटली की आम्हां पोरांना चकलीच्या आधी आठवे तो मामाचा चावीचा फोनो. मामा अंबरनाथला कारखान्यात नोकरीस होता आणि एका वर्षीच्या बोनसमधून त्याने ही चैन केली होती. पहाटेची अभ्यंगस्नाने आटोपली की ओल्या केसांनीच आम्ही त्याच्याभोवती कोंडाळे करून बसत असू. तबकडी ठरलेली, 'अलबेला'ची. गाणे संपते न संपते तोच मध्ये एक पितळी आवाज असा काही उसळून येई, की हातातला लाडू हातातच राही.

"मामा, हे वाजवतंय कोण?" मी एकदा विचारले.

मामाने तबकडीवरचा कागद उजेडात धरून वाचला. त्यावर चित्रपटाचे नाव होते, गाणाऱ्यांची होती, संगीत देणाऱ्याचे होते. "असतात वाजवणारे कोणीतरी," असे म्हणून त्याने सुई बदलली.

पुढे तोच आवाज मला उल्हासनगरच्या वरातींत भेटू लागला. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसे युद्धकाळातल्या कल्याण कँपच्या बराकींत येऊन राहिली होती आणि १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. सारे काही मागे टाकून आलेली ही माणसे. पण लग्नाला बँड हवाच! डोक्यावर गॅसबत्त्या, लाल कोट आणि गाल फुगवून ट्रंपेट फुंकणारा बँडमास्तर. एकदा वरात थांबलेली पाहून मी धीर केला आणि विचारले, "मास्तर, हे मुळात कोणी वाजवलंय?"

ओठ पुसत मास्तर म्हणाले, "ते काय ठाऊक! पण ज्यानं वाजवलं, त्याची छाती मोठी."

त्या मोठ्या छातीच्या माणसांपैकी एकाचे नाव मला फार उशिरा कळले. आंतोनियो झेवियर वाझ हे त्याचे खरे नाव. मुंबईच्या हॉटेलांत आणि स्टुडिओंत मात्र तो 'चिक चॉकलेट'. जन्म १९१६ चा, गोव्यातल्या आल्दोना गावचा. गोवा तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात होते. तिथल्या चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला शिकवीत आणि हाती व्हायोलिन देत. गावात पोट भरण्याजोगे फारसे काही नसे. मग तीच विद्या गाठीला बांधून तरुण मंडळी मुंबईची वाट धरीत. तसाच चिकही आला. अमेरिकेचा लुई आर्मस्ट्राँग हे त्याचे दैवत. त्याच्यासारखाच घोगरा गळा, हातात तसाच रुमाल. लोक त्याला हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँगच म्हणत. त्याचा वाद्यमेळ ताजमहाल हॉटेलात वाजे आणि साहेबलोक त्यावर नाचत.

पण १९५० च्या सुमारास मुंबई राज्यात दारूबंदी आली आणि रात्रीच्या मैफिलींचा रंग उतरू लागला. हॉटेलातल्या वादकांना दुसरे दार शोधणे भाग पडले. ते दार होते सिनेमाच्या स्टुडिओचे, आणि चिकला त्यातून आत घेणाऱ्यांत आपल्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा एक माणूस होता, रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र. पाश्चात्त्य ठेक्याचे त्यांना भारी वेड. चिक त्यांचा सहायक झाला.

हे सहायकाचे काम काय असे, ते समजून घेण्याजोगे आहे. संगीतकार पेटीवर चाल बसवी, कधी नुसती गुणगुणे. ती चाल कागदावर उतरवायची, व्हायोलिनने काय वाजवायचे, ट्रंपेटने कुठे शिरायचे, हे ज्याचे त्याला लिहून द्यायचे, हे काम बहुधा या गोवेकर मंडळींकडे असे. मग सारे वादक आणि गायक एकत्र बसून गाणे सलग मुद्रित करीत. एकाची चूक झाली की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून!

आणि ट्रंपेटची चूक काही झाकत नाही. पेटीत सूर तयार असतो, पट्टी दाबली की झाले. ट्रंपेटला खटके तीनच. बाकीचे सारे ओठांच्या ताणावर आणि दमावर. प्रत्येक सूर दर वेळी नव्याने घडवावा लागतो. ओठ जरा सैल पडला की भर मांडवात फजिती.

चिक अगदीच अज्ञात राहिला असे म्हणता येत नाही. १९५१ च्या 'नादान'ला संगीत त्याचेच होते. त्याच वर्षीच्या 'अलबेला'त तो आपल्या साथीदारांसह पडद्यावरही दिसतो. पण समोर भगवानदादा आणि गीता बाली नाचत असताना मागच्या वादकाकडे कोण पाहणार? मीही तो चित्रपट पाहिला होता; मला तो दिसला नव्हता. १९६६ च्या 'आखरी खत'मध्ये तो ट्रंपेट घेऊन पुन्हा पडद्यावर आला आणि १९६७ साली, पन्नाशी जेमतेम ओलांडून, गेला. सी. रामचंद्र १९८२ साली गेले. मोठा माणूस, त्यांच्या नावावरची चाल त्यांचीच होती. पण त्या चालीत श्वास भरणारेही कोणी होते, एवढेच माझे म्हणणे.

मामा आता नाही. तबकडीच्या कागदावर जे छापलेच नव्हते, ते तो बिचारा कुठून वाचणार?

परवा बदलापूरला भाच्याच्या लग्नात बँड होता. एक विशीतला पोरगा ट्रंपेट वाजवीत होता. नवे गाणे संपवून त्याने जुने धरले आणि तो ओळखीचा आवाज मांडवाबाहेर उसळला. वरात थांबल्यावर मी काठी टेकीत त्याच्यापाशी गेलो आणि म्हणालो, "बाळ, तुझं नाव काय?"

पोरगा घाबरला. त्याला वाटले, म्हातारा काही तक्रार घेऊन आला आहे. "काय चुकलं का, काका?" तो म्हणाला.

"काही नाही रे," मी म्हणालो. "नुसतं नाव विचारतोय."

त्याने सांगितले. मी ते घरी येऊन वहीत लिहून ठेवले आहे.