फुरसुंगीचा पोरगा: मराठी किशोर साहसकथेची कुळकथा

दहा ते चौदा वर्षांच्या वाचकांसाठी लिहिलेली साहस-रहस्य कादंबरी हा मराठीत तसा उशिरा रुजलेला प्रकार आहे. विनायक कोंडदेव ओकांचे ‘बालबोध’ (1881) आणि वा. गो. आपट्यांचे ‘आनंद’ (1906) या मासिकांनी मुलांना वाचनाची गोडी लावली. पण बोध, चरित्र आणि माहिती हे त्या काळच्या बालवाङ्मयाचे मुख्य अंग होते. रहस्याची भूक मुले मोठ्यांच्या पुस्तकांवर भागवत. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड हे नायक घरोघरी चोरून वाचले गेले.

युरोपात एव्हाना वेगळी वाट पडली होती. एरिश केस्टनरच्या जर्मन कादंबरीतील एमिलने 1929 मध्ये मित्रांच्या टोळीसह चोराचा माग काढला. एनिड ब्लायटनच्या पाच दोस्तांची मालिका 1942 मध्ये सुरू झाली. दोन्हीकडे युक्ती एकच: मोठी माणसे दूर ठेवायची आणि गुंता मुलांनीच सोडवायचा.

मराठीत ही वाट भा. रा. भागवतांनी (1910–2001) मळवली. 1951 मध्ये त्यांनी ‘बालमित्र’ मासिक काढले. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या त्यांनी ‘चंद्रावर स्वारी’, ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’ अशा नावांनी मराठीत आणल्या. वेगवान कथानक आणि मुलांना झेपेल अशी बोलकी भाषा यांची जुळणी त्यांना अशा कामातून साधली असावी. तिचे खरे फळ म्हणजे बनेश ऊर्फ फास्टर फेणे.

हा नायक पुण्याजवळच्या फुरसुंगीचा. किडकिडीत, सायकलवर भन्नाट वेगाने फिरणारा, पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकणारा. भागवतांची सर्वांत मोलाची कामगिरी इथेच आहे. नायकाकडे ना तलवार, ना राजघराण्याचे नाव. चौकस नजर, धीटपणा आणि तोंडातून निघणारे ‘टॉक्’ एवढेच त्याचे भांडवल. खेड्यातून शिक्षणासाठी शहरात आलेला मुलगा हा महाराष्ट्राच्या ओळखीचा अनुभव, आणि मायबाप जवळ नसल्याने साहसाला मोकळीकही मिळते. एमिल आणि ब्लायटनची युक्ती इथे अशी देशी झाली.

पुढे या पोराने प्रतापगड, काश्मीर, चक्रीवादळ अशी चौफेर मजल मारली आणि मालिका सुमारे वीस पुस्तकांची झाली. पुस्तकप्रेमी बिपिन बुकलवार हेही भागवतांचेच पात्र. गुन्हा शोधताना निरीक्षण आणि तर्क लागतो, म्हणून हे लेखन निव्वळ करमणूक ठरवणे अन्यायाचे आहे.

बंगालीत असाच गुन्हे शोधणारा नायक, सत्यजित राय यांचा फेलूदा, 1965 मध्ये अवतरला. अशोक जैन यांच्या अनुवादांमुळे तो मराठीतही वाचला जातो. फास्टर फेणे 1987 मध्ये दूरदर्शनवर आला, तेव्हा सुमीत राघवनने ती भूमिका केली. 2017 मध्ये आदित्य सरपोतदार यांच्या चित्रपटात अमेय वाघ बनेश झाला आणि दिलीप प्रभावळकरांनी खुद्द भागवतांची भूमिका केली.