छोटा ट्रायपॉड, छोटं बॉल हेड : जोडी जुळवताना काय बघावं?

ग्रामसभा असो, बांधावरची मुलाखत असो की कपाशीच्या पानामागचा मावा टिपायचा असो, दर वेळी मोठा ट्रायपॉड दुचाकीवर बांधून नेणं जमत नाही. मग वीतभर उंचीचा टेबल ट्रायपॉड आणि त्यावर लहान बॉल हेड ही जोडी कामाला येते. पिशवीतही मावते. मात्र जोडी जुळली नाही तर कॅमेरा तोंडावर आपटतो आणि शे-पाचशे वाचवायला जाऊन लेन्सचा खर्च अंगावर येतो.

बॉल हेड म्हणजे काय?
वाटीसारख्या खोबणीत बसवलेला धातूचा गोळा. बाजूचा नॉब सैल केला की कॅमेरा हवा तसा वळतो, आवळला की तिथंच थांबतो. कडेला एक खाच असते. गोळ्याची मान त्या खाचेत आडवी केली की उभा फोटो काढता येतो.

आधी आटे तपासा
कॅमेऱ्याच्या बुडाला १/४ इंची आटे असतात. बॉल हेडच्या बुडाला मात्र कधी १/४, तर कधी ३/८ इंची. ट्रायपॉडचा स्क्रू १/४ आणि हेडचं भोक ३/८ असेल तर मधे बुश लागतो. तो स्वस्तात मिळतो. जुळत नसताना जोर लावून आवळलं तर आटे जातात.

वजनाचा हिशोब
किट लेन्ससह छोटा डीएसएलआर पाऊण किलोच्या आसपास भरतो. खोक्यावर लिहिलेल्या क्षमतेच्या निम्म्यापर्यंतच वजन ठेवलेलं बरं, कारण कॅमेरा वाकवला की भार एका बाजूला जातो. लांब झूम लेन्सला ही जोडी नकोच. हेडही जड घेऊ नये, वरचं वजन वाढलं की ट्रायपॉड डुलतो.

कॅमेरा पडू नये म्हणून
- एक पाय नेहमी लेन्सच्या दिशेला ठेवा.
- उभा फोटो काढताना खाच एका पायाच्या बरोबर वर आणा.
- नॉब सैल करताना दुसरा हात कॅमेऱ्यावर हवाच.
- भुसभुशीत रानात पाय रुततात, खाली फळी ठेवा.
- कमी उजेडात बटण दाबताना कॅमेरा हलतो, म्हणून २ सेकंदांचा टायमर लावा.

निगा
गोळ्याला तेल किंवा ग्रीस लावू नये, पकड सुटते. धूळ बसली तर कोरड्या फडक्याने पुसावी, एवढंच पुरे.