महापालिकेचं बजेट आणि पूरपट्टा : नाल्याचा पैसा कुणाचा, पुराची मदत कुणाची?

सांगलीत कृष्णेचं पाणी चढायला लागलं की पूरपट्ट्यातला माणूस पहिला फोन नगरसेवकाला लावतो. नगरसेवक येतो, बोट मागवतो, जेवणाची पाकिटं वाटतो. पण घरात पाणी शिरलं म्हणून खात्यावर जे पैसे जमा होतात, ते महापालिकेच्या तिजोरीतले नसतात. ते महसूल खात्याकडून येतात. उलट नाला तुंबला आणि पाणी गल्लीत साचलं, तर ते काम तहसीलदाराचं नसून महापालिकेचं असतं. या दोन गोष्टींची गल्लत होते आणि लोक चुकीच्या दारात अर्ज घेऊन फिरत राहतात.

पाणी कधी कुठं येतं

सांगलीत पाणी मोजायची जागा म्हणजे आयर्विन पूल. इथं इशारा पातळी ४० फूट, तर धोका पातळी ४५ फूट आहे. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर या सखल वस्त्यांत पाणी सगळ्यात आधी शिरतं. २००५ ला पाणी ५३ फुटांच्या वर गेलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्याही पुढे गेलं आणि बाजारपेठ बुडाली. २०२१ च्या जुलैत पुन्हा ५४ फुटांचा टप्पा ओलांडला. सांगलीच्या खाली हरिपूरला वारणा मिळते. वारणेलाही पूर असला की कृष्णेचं पाणी पुढे सरकत नाही, ते मागे फुगतं. मग नाल्यातून नदीकडं जाणारं पाणी उलटं वस्तीत येतं. शामरावनगरसारख्या भागात तर नदीला पूर नसतानाही नुसत्या पावसानं पाणी साचतं. तिथं प्रश्न नदीचा नाही, निचऱ्याचा आहे.

बजेट कसं ठरतं

सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून महापालिका १९९८ ला झाली. महापालिकेचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असतं. आयुक्त अंदाजपत्रक तयार करून स्थायी समितीपुढे ठेवतात. १६ जणांची ही समिती त्यात फेरफार करते. मग ते महासभेत जातं आणि तिथं सगळे नगरसेवक चर्चा करतात. सभागृहाची मुदत संपून निवडणूक झालेली नसेल तर हे सगळं प्रशासकाच्या सहीनं होतं. सांगलीत २०२३ ला मुदत संपल्यावर तसंच झालं. त्या काळात वस्तीचं म्हणणं मांडायला सभागृहच नसतं.

जमेच्या बाजूला घरपट्टी, पाणीपट्टी, बांधकाम परवान्याची फी आणि सरकारचं अनुदान असतं. जकात गेली, २०१५ ला एलबीटीही बहुतांश व्यापाऱ्यांना माफ झाला. २०१७ ला जीएसटी आल्यापासून भरपाईच्या अनुदानावर मोठी मदार आहे. खर्चाच्या बाजूला पगार, पेन्शन, पाणी उपशाचं वीजबिल आणि कचरा उचलणं हे आधी कापलं जातं. मागासवर्ग, महिला-बालकल्याण आणि दिव्यांग यांचा वाटा राखून ठेवावा लागतो. उरलेल्या पैशावर खरी ओढाताण होते.

भांडण कशावरून होतं

विस्तारित भागातल्या, गुंठेवारीतल्या लोकांना रस्ता, गटार आणि दिवे पाहिजेत. त्यांचंही खरंच आहे, कारण पावसाळ्यात तिथं दुचाकी सुद्धा जात नाही. पूरपट्ट्यातल्यांना नालेसफाई, मोठी गटारं, पंप आणि बोटी पाहिजेत. रस्ता केला की तो दिसतो, नारळ फोडता येतो. नाल्यातला गाळ काढला तर फोटो काढण्यासारखं काही राहत नाही. पूर न आलेल्या वर्षी तो खर्च वाया गेल्यासारखा वाटतो. म्हणून दोन-तीन वर्षं पूर आला नाही की या कामांची तरतूद मागं पडायची भीती असते.

बजेटला आकडा दिसला म्हणजे पैसा आला, असंही नाही. तरतूद झाली तरी निविदा, मंजुरी आणि कामाचा आदेश निघायला महिने जातात. नालेसफाई मे संपायच्या आत झाली तरच उपयोग. जूनमध्ये काढून काठावरच ठेवलेला गाळ पहिल्याच पावसात परत नाल्यात जातो.

निळी आणि लाल रेषा

२५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द म्हणजे निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द म्हणजे लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी, दोन्ही रेषांच्या मधे अटी घालून परवानगी. ही बंधनं मोडून भराव टाकला की शेजारच्या वस्तीत पाणी वाढतं. नाल्यावर कितीही खर्च केला तरी अशा भरावामुळं तो वाया जातो.

मदत कोण देतं

पुरानंतरची रोख मदत राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून येते. त्यात केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के. वाटप जिल्हाधिकारी आणि तहसीलदारांमार्फत होतं. राज्य सरकार त्यात आपली वाढीव मदत घालतं. २०१९ ला शहरात कुटुंबाला १५ हजार आणि ग्रामीण भागात १० हजार जाहीर झाले होते. २०२१ ला कुटुंबाला १० हजार, दुकानदाराला जास्तीत जास्त ५० हजार आणि टपरीवाल्याला १० हजारांपर्यंत, असं ठरलं. म्हणजे आकडा दर वेळी बदलतो. मागच्या पुराचा दर धरून हिशेब करू नये, त्या वर्षीचा शासन निर्णय बघावा.

पंचनाम्यात नाव नसेल तर मदत नाही. त्यासाठी एवढं करावं :

– चिखल धुण्याआधी घराचे, भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेचे आणि सामानाचे फोटो काढावेत.
– रेशनकार्ड, आधार आणि बँक पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत न्यावं.
– पंचनाम्यात नाव आणि खाते नंबर बरोबर आहे का, हे तिथंच वाचून बघावं.
– भाडेकरूनं आपली नोंद वेगळी झाली का ते विचारावं.
– नाव राहिलं तर तहसील कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.

गावांनी काय बघायचं

पलूस, वाळवा, मिरज तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांत महापालिका नाही, पण हिशेब तोच आहे. ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ ला बोट उलटून लोकांचे जीव गेले. चांगली बोट, लाइफ जॅकेट आणि ती चालवणारा माणूस ही तयारी पाणी आल्यावर होत नसते. ती ग्रामपंचायतीच्या आराखड्यात आणि जिल्हा प्रशासनाच्या यादीत आधीच पाहिजे. गावानं ग्रामसभेत आणि वस्तीनं बजेटच्या आधी, म्हणजे डिसेंबर-जानेवारीतच, लेखी मागणी द्यावी. ऑगस्टमध्ये कंबरभर पाण्यात उभं राहून मागितलेला नाला पुढच्या वर्षीच्या बजेटशिवाय होत नाही.