लहान संगणकाची घरगुती पेटी

संगणकाच्या इतिहासात अभ्यासकांचे लक्ष बहुधा यंत्राच्या अंतरंगाकडे जाते. पेटी हे केवळ बाह्यांग, तिची दखल घेण्याचे कारण काय, अशी समजूत रूढ आहे. जी यंत्रे पेटीविनाच विकली गेली त्यांच्या बाबतीत ही समजूत टिकत नाही. तेथे पेटी वापरणाऱ्याने स्वतः घडविलेली असते, आणि मूळ रचनेत काय उणे होते याचा पुरावा तीत राहून जातो.

अमेरिकेत १९७६ साली ६६६.६६ डॉलरांस विक्रीस आलेला ॲपल-१ हे अशा यंत्रांपैकी एक होय. ग्राहकाच्या हाती जोडणी झालेला बोर्ड तेवढा येई. कळफलक, पडदा व वीजपुरवठा त्याने जमवावयाचा. काहींनी त्याकरिता लाकडी पेट्या केल्या. पुढे घरगुती संगणक तयार पेटीतच येऊ लागले आणि ही कारागिरी मागे पडली. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ब्रिटनमध्ये ३५ डॉलरांचा ‘रास्पबेरी पाय’ निघाला, तो पुन्हा उघडाच. पहिल्या आवृत्तीच्या बोर्डास स्क्रूसाठी भोकेसुद्धा नव्हती; तो खाचेत अडकवून बसवावा लागे.

पोर्टांची वाण ही याहून मोठी अडचण. नोव्हेंबर २०१५ मधील ‘पाय झिरो’ अवघा ६५ मिलिमीटर लांब व ३० मिलिमीटर रुंद. उपकरणे जोडण्यास त्यावर एकच लहान यूएसबी पोर्ट. साहजिकच पेटीत हब बसवून त्याची तोंडे भिंतीवर आणण्याचा प्रघात पडला. परंतु तोंडे वाढली म्हणून वाट रुंदावत नाही. २०१४ च्या ‘बी प्लस’वर चार यूएसबी पोर्ट आले, तरी ते आणि नेटवर्कचा पोर्ट मिळून प्रक्रियकाकडे जाणारी वाट एकच होती, २०१९ च्या चौथ्या पिढीपर्यंत हीच स्थिती राहिली. विजेची गोष्ट तर अधिक बिकट. पहिल्या आवृत्तीत प्रत्येक यूएसबी पोर्टावर १४० मिलिअँपिअरचा फ्यूज होता, आणि यूएसबी २.० च्या नियमाप्रमाणे एखादे उपकरण ५०० पर्यंत मागू शके.

पेटी कशाची करावी, हे पुष्कळदा परिसरातील कसब ठरविते. पवनाकाठचे रावेत १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले. त्याच्या आसपासच्या औद्योगिक पट्ट्यात पत्रा कापणे, वाकविणे ही नित्याची विद्या. कारखान्यातील कंट्रोल पॅनेलची पत्र्याची, अर्थिंग केलेली पेटी हा येथील कारागिराचा आदर्श असावा, यात नवल नाही. या लहान यंत्रास मात्र तो आदर्श जसाच्या तसा मानवत नाही. बोर्डाची खालची बाजू पत्र्यास टेकली की शॉर्टसर्किट होते, म्हणून तो प्लॅस्टिकच्या टेकूंवर उचलावा लागतो. २०१६ च्या तिसऱ्या पिढीपासून मुख्य बोर्डावरच वायफाय आले. चहूबाजूंनी बंद पत्रा त्या लहरी अडवितो. तेव्हा एक बाजू तरी लाकडाची किंवा ॲक्रिलिकची हवी. उष्णता बाहेर टाकण्यास मात्र पत्राच सरस, हे कारागिराच्या बाजूने सांगितले पाहिजे.

अशी एखादी पेटी उद्या संग्रहात आली, आणि तिच्या मागील भिंतीवर वीजपुरवठ्यासाठी एकाऐवजी दोन भोके आढळली, तर आतला हब बहुधा स्वतंत्र विजेवर चालत होता असे अनुमान कागदपत्रांवाचूनही करता येईल.