अंगणातला आकाशदिवा

ठाणे स्टेशनात संध्याकाळची लोकल रिकामी झाली, की माणसांचा एक मोठा लोंढा पश्चिमेला उतरून गोखले रस्त्याने नौपाड्यात शिरतो. कुणाच्या हातात भाजीची पिशवी, कुणाच्या खांद्याला डब्याची झोळी. वर्षाचे अकरा महिने हा माणूस खाली मान घालून, खड्डे आणि रिक्षा चुकवीत घर गाठतो. आश्विन संपत आला, की मात्र त्याची मान आपसूक वर होते. विष्णुनगर, घंटाळी, राममारुती रस्ता, जिकडे पाहावे तिकडे गॅलऱ्यांतून आकाशकंदील लोंबत असतात. दिवसभराचा शीण घेऊन आलेला तो गृहस्थ क्षणभर थबकतो, आपल्या मजल्यावरचा कंदील ओळखतो आणि मग जिना चढू लागतो.

हा घराबाहेरचा दिवा मुळात कुणासाठी? घरात उजेड हवा, हे कोणालाही समजते. पण तेल महाग आणि वात जपून वापरायची, अशा काळात आपल्या पूर्वजांनी घराबाहेर, उंचावर, वाऱ्याच्या तोंडी दिवा टांगण्याचा खटाटोप कशासाठी केला? ह्याचा माग काढू लागले, म्हणजे एका वाटेने आपण काशीच्या पंडितांच्या पोथ्यांपाशी पोचतो आणि दुसऱ्या वाटेने थेट जपानात.

आधी पोथीकडे वळू. मूळचे पैठणचे भट्ट घराणे काशीस जाऊन स्थायिक झाले होते. त्या घराण्यातील कमलाकरभट्टांनी १६१२ साली ‘निर्णयसिंधु’ रचला. कोणता सण केव्हा आणि कसा करावा याचा निवाडा करणारा हा ग्रंथ. त्यात आकाशदीपाचा विधी आहे, आणि तो सांगताना देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या तेराव्या शतकातील ग्रंथाचा आधार घेतला आहे. गंमत अशी, की हा विधी वाचताना भटजींपेक्षा सुताराचीच आठवण अधिक होते. सूर्य मावळला, की घरापासून फार दूर नाही अशा जागी यज्ञाला चालणाऱ्या झाडाच्या लाकडाचा, पुरुषभर उंचीचा खांब पुरावा. दोन हात लांबीच्या चार पट्ट्या मधोमध भोक पाडून त्याच्या माथ्यावर अशा बसवाव्या, की त्यांच्या आठ पाकळ्या आठ दिशांना जातील. मध्यभागी मोठा दिवा, पाकळ्यांवर आठ लहान दिवे. तेल तिळाचे. सूर्य तूळ राशीत असेपर्यंत, म्हणजे महिनाभर, हा दिवा रोज संध्याकाळी लावायचा.

त्याच ग्रंथात दुसरे एक सांगणे आहे. चतुर्दशी आणि अमावास्या या दोन संध्याकाळी माणसांनी हातात पेटते पलिते धरून पितरांना वाट दाखवावी. भाद्रपदात महालयासाठी आलेले पितर परत निघाले आहेत, रात्र अवसेची आहे, तेव्हा त्यांना अंधारात ठेचकाळू देऊ नये, अशी ही कल्पना. म्हणजे आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. बाहेरचा दिवा घरातल्यांसाठी नव्हेच. तो वाटेवर असलेल्यासाठी आहे.

काशीला गंगेच्या घाटांवर कार्तिकात अजूनही उंच बांबूंच्या शेंड्यांना वेताबांबूच्या करंड्या चढवतात आणि त्यांत दिवे तेवत असतात. आपल्याकडे देवळापुढच्या दगडी दीपमाळा आणि गोव्यात मंगेशीसारख्या देवस्थानांचे मजल्यांवर मजले चढवलेले दीपस्तंभ हे याच घराण्यातले. पण दगडाचा खर्च देवस्थानाने करावा. प्रपंचातल्या माणसाला परवडले ते लाकूड, बांबू आणि कागद. नावही त्याने सोयीचे घेतले. ‘कंदील’ हा शब्द अरबीतून आपल्याकडे आला आणि अरबांना तो ग्रीकांच्या हातून मिळाला. त्याचे मूळ रोमन लोकांच्या लॅटिनमध्ये मेणबत्तीला जो शब्द होता त्यात आहे. इंग्रजीतला ‘कँडल’ त्याचाच सख्खा भाऊ. ‘आकाश’ आपले, ‘कंदील’ पाहुणा, आणि दोघे एका दोरीला असे सुखाने लोंबतात, की कुणाला शंकाही येऊ नये.

आता जपानकडे. लाकडी खांब, माथ्यावर दिवा, आठ दिशांना उजेड, हे वर्णन वाचताना जपानी देवळांच्या वाटेवरचे दीप डोळ्यांपुढे उभे राहतात. जपानीत अशा दिव्याला ‘तोरो’ म्हणतात. बौद्ध धर्माबरोबर तो चीन आणि कोरियामार्गे जपानात पोचला. नारा शहरातील तोदाईजी मंदिरात बुद्धाची प्रचंड ब्राँझमूर्ती आहे. ७५२ साली तिचा नेत्रोन्मीलनाचा सोहळा झाला, तेव्हा तिचे डोळे रेखण्याचा मान बोधिसेन या भारतीय भिक्षूला मिळाला होता. त्या मंदिरापुढे आठव्या शतकातला ब्राँझचा मोठा दीप आजही उभा आहे, आणि तो अष्टकोनी आहे. त्याच शहरातल्या कासुगा देवस्थानात भाविकांनी शतकानुशतके वाहिलेले सुमारे ३००० दीप आहेत. फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये ते सगळे एकदम उजळतात.

तिथेही दगड आणि ब्राँझ देवाला, तर लाकूड आणि कागद माणसांना, अशीच वाटणी झालेली दिसते. जपानी सुतार देवदाराच्या जातीचे हलके, सरळ रेषांचे लाकूड घेतो, खाच आणि कूस एकमेकांत बसवून खिळ्यावाचून चौकट उभी करतो, चारी अंगांना तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा चिवट कागद लावतो आणि वर पुढे आलेले छोटे छप्पर घालतो. छप्पर अशासाठी, की पाऊस कागदावर पडू नये आणि आतली धग मात्र वरच्या फटीतून निघून जावी. आत तेलाची बशी आणि वात. घरातल्या अशा दिव्याला ‘आंदोन’ म्हणत. सधन माणूस त्यात मोहरीच्या जातीच्या बियांचे तेल जाळी, गरीब माणूस माशाचे. विजेच्या आधीच्या काळात शहरांच्या चौकांत आणि सरायांच्या दारांतही असे लाकडी दीप वाटसरूंसाठी उभे असत.

पण आपल्या आकाशकंदिलाची खरी जुळी बहीण निराळीच आहे. जपानात ऑगस्टच्या सुमारास ‘ओबोन’ नावाचा सण येतो. पूर्वज चार दिवस घरी येतात आणि मग परत जातात, अशी त्यामागची श्रद्धा. थेट आपला पितृपक्षच. ह्या सणाला तिथे ‘किरिको’ नावाचा कंदील टांगतात. घनाचे आठही कोपरे कापून टाकावेत तशी त्याची लाकडी चौकट असते, वर पांढरा कागद, आणि खाली कागदाच्या लांब लांब शेपट्या! चित्र पाहिले, तर कुणीही मराठी मूल म्हणेल, हा तर आमचा कंदील. श्रीलंकेत वैशाखी पौर्णिमेला बुद्धाच्या नावाने जे कंदील लावतात, तेही बांबूच्या पट्ट्यांचे, अनेक कोनांचे आणि शेपट्यांचे.

ह्या सारखेपणाचे एक कारण भूमितीत आहे. बांबूच्या कामटीला सरळ राहणे आवडते. सारख्या लांबीच्या चार कामट्या बांधल्या, की चौकोन होतो; असे सहा चौकोन करायचे. चार चौकोन कोपऱ्यांवर उभे करून कडेचे कोपरे एकमेकांना बांधायचे. त्यांच्या वरच्या चार कोपऱ्यांवर पाचवा चौकोन आणि खालच्या चारांवर सहावा. एवढे केले, की मधल्या आठ जागी त्रिकोण आपोआप तयार होतात. त्यांना निराळी कामटी लागत नाही. सुटा चौकोन हलतो, तिरका होतो. त्रिकोण हलत नाही. एरवी लटपटणारे हे सहा चौकोन असे एकत्र आले आणि त्यांवर कागद ताणून चिकटला, की घट्ट बसतात. चोवीस कामट्या, बारा गाठी आणि चौदा कागद, एवढ्यात वाऱ्याला दाद न देणारे घर उभे राहते. कोपरे कापलेला जपानी घन तो हाच. कमी सामानात टिकाव धरणारा आकार शोधू निघालेले हात देशोदेशी एकाच ठिकाणी येऊन थांबले.

आमच्या लहानपणी नौपाड्यातल्या वाडीत हे काम सहामाही परीक्षा संपली, की सुरू होई. बुरुडाकडून कळक आणायचा, तो चिरून, तासून कामट्या काढायच्या, मैद्याच्या खळीत किडीसाठी चिमूटभर मोरचूद घालायचे. त्यावर पतंगाचा कागद. अंगणात उंच बांबू रोवून त्याला कप्पी बसवलेली असे. विजेची तार तिथवर ओढलेली नव्हती, म्हणून आत पणतीच ठेवीत. मी पहिल्यांदा एकट्याने केलेला कंदील पहिल्याच संध्याकाळी वाऱ्याने कलला आणि भडकन पेटला. मी रडत घरात आलो. अण्णांनी दोरी सैल करून तो खाली घेतला, राख झटकली आणि एवढेच विचारले, “कामट्या शाबूत आहेत ना? मग कागद उद्या लावू.” दुसऱ्या दिवशी खरोखरच तो पुन्हा वर गेला.

त्या वाक्याचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी कळला. दगडी दीप एकदा उभा केला, की पिढ्यांमागून पिढ्या तसाच राहतो. पुढच्यांना तो कसा करावा हे यावे लागत नाही. लाकडाकागदाचा दिवा मात्र पावसाळ्यात कुजतो, वाऱ्यात जळतो, आणि म्हणून दर वर्षी नव्याने करावा लागतो. करायचा म्हणजे कुणीतरी कुणालातरी शिकवायला हवे. जपानात इसे येथील मुख्य देवस्थानाची लाकडी मंदिरे दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात. २०१३ साली ती बासष्टाव्या वेळी बांधली गेली. तिथे जुने लाकूड राहिलेले नाही, पण सुतारांचे हात शेकडो वर्षांचे आहेत. आपला कंदील तेच काम दर वर्षी, फुकटात करीत आला.

ठाण्याने आजवर पुष्कळ फेरबदल पाहिले आहेत. शिलाहारांचे श्रीस्थानक, मग पोर्तुगीज, १७३७ साली मराठे, १७७४ साली इंग्रज. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी इथे आली आणि ह्या गावाचे रूपांतर मुंबईच्या चाकरमान्यांच्या घरात होऊ लागले. नौपाड्यातल्या दुमजली, विहिरी-अंगणांच्या वाड्या गेल्या, त्यांच्या जागी इमारती आल्या, आणि आता त्या इमारती पाडून मनोरे उठत आहेत. याचे दुःख करीत बसण्यात अर्थ नाही. माणसांना राहायला जागा हवी. अंगण गेले तरी कंदील गॅलरीत आला, पणती गेली तरी दिव्यात वीज आली, कागद गेला तरी जिलेटीन आले. इतके सगळे त्याने सोसले. ख्रिस्तजयंती आली, की तलावपाळीच्या चर्चच्या आसपास कामट्यांच्याच चांदण्या लागतात, आणि त्यांनाही तो शेजारधर्माने सामील आहे.

त्याला सोसत नाही ती एकच गोष्ट. माळ्यावरून गेल्या वर्षीचा प्लॅस्टिकचा कंदील काढायचा, पुसायचा आणि बटण दाबायचे. हा दिवा जळत नाही, फाटत नाही, म्हणून कुणाला काही शिकवावेही लागत नाही. कंदील टिकतो आणि विद्या मरते. एका पिढीने सहा चौकोन बांधले नाहीत, तर पुढच्या पिढीला विचारायला माणूस उरत नाही.

हिरोशिमात दर वर्षी ६ ऑगस्टच्या संध्याकाळी लोक लहानशा लाकडी आधारावर कागदी दिवे उभे करून नदीत सोडतात. १९४५ साली त्याच दिवशी जे गेले, त्यांच्यासाठी ते असतात. त्या गावाला यंत्रे करता येत नाहीत असे कोण म्हणेल? तरीही गेलेल्या माणसासाठी दिवा सोडायचा, तर तो लाकडाचा आणि कागदाचाच असावा, असे त्यांना वाटते.

आपलाही आकाशदिवा मुळात पितरांच्या वाटेसाठी होता. पितरांनी आपल्याला जी गाठ मारायला शिकवली, ती गाठ आपल्या हाताला अजून येते, एवढेच त्यांना त्या उजेडात पाहायचे असेल. यंदा फराळाच्या गडबडीत एक दुपार काढावी. चोवीस कामट्या, थोडा दोरा, वाटीभर खळ, आणि शेजारी बसायला एक नातू किंवा नात. कंदील वाकडा होईल, एखादा कागद फाटेल. फाटू द्यावा. कामट्या शाबूत असल्या, की कागद उद्या लावता येतो.